रुपर्ट्सलँडचे आमदार

इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सने १६६८ मध्ये मुंबई बेट वर्षाला दहा पौंडांवर ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकलं, हे आपण शाळेत शिकलेलो असतो. याच राजाने दोन वर्षांनी, १६७० मध्ये, आणखी एका कंपनीला असाच एक मुलूख बहाल केला, ते मात्र आपल्या पुस्तकांत नसतं. त्या कंपनीचं नाव हडसन्स बे कंपनी. हडसनच्या उपसागराला ज्या ज्या नद्या मिळतात, त्या सगळ्यांच्या काठची जमीन तिला मिळाली. क्षेत्रफळ आजच्या भारताहून जास्त. भाडं काय, तर राजा किंवा त्याचा वारस त्या मुलखात कधी पाऊल टाकेल तेव्हा दोन एल्क हरणं आणि दोन काळे बीव्हर. कंपनीचा पहिला गव्हर्नर राजाचा आतेभाऊ प्रिन्स रुपर्ट, म्हणून मुलखाचं नाव पडलं रुपर्ट्स लँड. तिथे क्री, ओजिब्वे आणि इतर कितीतरी लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. त्यांना कुणी विचारलं नाही. दोनशे वर्षांनी, १८६९-७० मध्ये, कंपनीने तीन लाख पौंड घेऊन हा मुलूख नव्याने जन्मलेल्या कॅनडाच्या हवाली केला. तेव्हाही नाही.

मॅनिटोबा हा कॅनडाचा प्रांत याच मुलखातून कोरून निघाला. त्याच्या विधानसभेत उत्तर-पूर्वेकडच्या एका अवाढव्य, विरळ वस्तीच्या मतदारसंघाचं नाव रुपर्ट्सलँड असंच होतं. १९९० च्या जून महिन्यात या मतदारसंघाच्या आमदाराने 'आम्हाला विचारलं नाही' एवढ्या मुद्द्यावर सगळ्या देशाची घटनादुरुस्ती अडवून धरली. आमदारांचं नाव एलिजा हार्पर.

कॅनडात ही गोष्ट सांगताना गरुडाचं पीस आधी येतं. हार्पर आपल्या बाकावर बसले आहेत, केस मागे बांधलेले, चेहरा शांत, हातात भावाने दिलेलं ते पीस. हे छायाचित्र तिथल्या शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असतं. छायाचित्र सुंदर आहे, पण त्यामुळे एक गैरसमज पक्का झाला. हा मनुष्य कुठूनसा आला, 'नाही' म्हणाला आणि इतिहास घडला, असं वाटू लागतं. प्रत्यक्षात त्या दिवशी हार्पर नऊ वर्षं आमदार होते, मंत्री होऊन गेले होते, पदावरून उतरून परत चढले होते, आणि विधानसभेच्या नियमांचं पुस्तक त्यांच्या बाजूने कुणीतरी नीट वाचून ठेवलेलं होतं. माझ्या मते या कारकिर्दीत पिसाइतकंच त्या पुस्तकाला महत्त्व आहे.

हार्पर यांचा जन्म ३ मार्च १९४९ चा, रेड सकर लेक या वस्तीतला. मॅनिटोबाच्या ईशान्येला, ऑन्टॅरिओच्या हद्दीजवळ ही ओजी-क्री लोकांची वस्ती आहे. तिथे जायचं तर लहान विमानाने. नाहीतर हिवाळ्यात तळी आणि दलदल गोठल्यावर काही आठवडे जो बर्फाचा रस्ता तयार होतो, त्यावरून. तेरा भावंडांत हे दुसरे. घरची उपजीविका सापळे लावून जनावरं धरण्यावर आणि मासेमारीवर. ते जन्मले तेव्हा त्यांच्या आईवडिलांना प्रांताच्या निवडणुकीत मत नव्हतं, देशाच्या निवडणुकीतही नव्हतं. मॅनिटोबाने करारबद्ध, म्हणजे राजसत्तेशी करार केलेल्या समाजांतल्या, मूलनिवासींना मत दिलं १९५२ मध्ये. कॅनडाने सरसकट दिलं १९६० मध्ये. योगायोग असा की हार्पर जन्मले त्याच वर्षी पलीकडे ब्रिटिश कोलंबियात निस्गा समाजाचे फ्रँक कॅल्डर विधानसभेवर निवडून आले. फर्स्ट नेशन्स म्हणवणाऱ्या मूलनिवासी समाजांतून प्रांतिक सभागृहात पोचलेले ते पहिले. मॅनिटोबाला अजून बत्तीस वर्षं लागायची होती.

मूलनिवासी मुलांना घरापासून तोडून ठेवणाऱ्या निवासी शाळांबद्दल अलीकडे आपल्याकडेही पुष्कळ छापून आलं आहे. हार्पर अशा शाळांतून गेले: नॉर्वे हाउस, ब्रँडन, बर्टल. पुढे विनिपेगला मॅनिटोबा विद्यापीठात शिकायला आले, तिथे ओव्हिड मर्क्रेडी आणि फिल फॉन्टेन हे दोघे भेटले. ही नावं लक्षात ठेवावी लागतील. दोघेही पुढे फर्स्ट नेशन्सच्या राष्ट्रीय संघटनेचे प्रमुख झाले, आणि १९९० च्या त्या पंधरवड्यात हार्पर यांच्या पाठीशी हेच उभे होते.

१९७८ मध्ये हार्पर गावी परतून रेड सकर लेकचे प्रमुख म्हणून निवडून आले, आणि १९८१ मध्ये न्यू डेमोक्रॅटिक पक्षातर्फे रुपर्ट्सलँडमधून आमदार. वय बत्तीस. मॅनिटोबाच्या विधानसभेत बसलेले ते पहिले करारबद्ध मूलनिवासी. मुख्यमंत्री होते हॉवर्ड पॉली. आपल्याकडच्या डोंगराळ, दुर्गम मतदारसंघाच्या आमदाराची जी कामं असतात तीच इथेही होती: धावपट्टी, पिण्याचं पाणी, दवाखाना, घरं, वीज. १९८६ मध्ये मंत्रिमंडळात घेतलं, मूलनिवासींच्या प्रश्नांची जबाबदारी दिली. १९८७ मध्ये उत्तर विभागाचं खातं आलं. त्याच वर्षी सप्टेंबरात गाडीचा अपघात झाला. दारू प्यायल्याच्या तपासणीला त्यांनी नकार दिला आणि मंत्रिपद सोडावं लागलं. पुढे त्यांनी दारू सोडली आणि नोव्हेंबरात पॉलींनी त्यांना परत घेतलं. हार्पर यांच्यावर गौरवलेख लिहिणारे हा भाग एका ओळीत उरकतात. त्याची गरज नाही. जून १९९० मध्ये त्यांच्यावर देशभरातून दबाव आला तेव्हा लाज निघण्याची भीती दाखवून वाकवावं असं काही शिल्लक राहिलं नव्हतं, ते याच प्रकरणामुळे, असं मला वाटतं.

पॉलींचं सरकार मार्च १९८८ मध्ये पडलं तेही ऐकण्यासारखं आहे. त्यांच्याच पक्षाचे एक नाराज आमदार जिम वॉल्डिंग अर्थसंकल्पाविरुद्ध उभे राहिले आणि सरकार एका मताने गेलं. मॅनिटोबाच्या सभागृहात एकटा आमदार काय करू शकतो याचा हा पहिला धडा. नंतरच्या निवडणुकीत ५७ पैकी २५ जागा घेऊन गॅरी फिल्मन यांचं कॉन्झर्व्हेटिव्ह अल्पमत सरकार आलं. लिबरल २०, न्यू डेमोक्रॅट फक्त १२. त्या बारांत हार्पर. मंत्रिपद गेलं, पक्ष तिसऱ्या क्रमांकावर. अशा अवस्थेतल्या आमदाराकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही.

आता थोडं मागे जाऊन घटनेचा घोळ समजून घ्यावा लागेल. कॅनडाने १९८२ मध्ये आपली घटना ब्रिटनच्या संसदेकडून स्वतःकडे आणली, तेव्हा क्वेबेकने संमती दिली नव्हती. त्याच घटनेच्या ३५ व्या कलमाने मूलनिवासींचे आणि त्यांच्या करारांचे हक्क मान्य केले, पण हक्क म्हणजे नेमके कोणते ते ठरवायला पंतप्रधान, मुख्यमंत्री आणि मूलनिवासी नेते यांच्या परिषदा घ्यायच्या असं ठरलं. १९८३ ते १९८७ अशा चार परिषदा झाल्या. शेवटची मार्च १९८७ मध्ये फिसकटली. स्वयंशासन या शब्दाचा अर्थ स्पष्ट नाही, आधी व्याख्या करा, मग घटनेत घालू, असं मुख्यमंत्र्यांचं म्हणणं. त्यानंतर जेमतेम पाच आठवड्यांनी, ३० एप्रिल १९८७ ला, ओटावाजवळच्या मीच लेकच्या काठी एका सरकारी बंगल्यात पंतप्रधान ब्रायन मल्‌रोनी आणि दहा मुख्यमंत्री बसले आणि क्वेबेक हा 'वेगळा समाज' आहे यावर एका बैठकीत सहमत झाले. या शब्दांची व्याख्या कुणी मागितली नाही. अकरा पुरुष, बंद खोली. मूलनिवासींचा एकही माणूस तिथे नव्हता.

हार्पर आणि त्यांच्या मित्रांचा राग नेमका इथे होता. क्वेबेकला वेगळेपण मिळू नये असं त्यांचं म्हणणं नव्हतं. हे ते परत परत सांगत राहिले. मसुदा कॅनडाचं मूलभूत स्वरूप सांगताना फ्रेंच बोलणारे आणि इंग्रजी बोलणारे एवढ्यांचाच उल्लेख करत होता. या दोघांच्या आधी हजारो वर्षं तिथे राहणाऱ्यांना त्यात जागा नव्हती. शिवाय नवा प्रांत तयार करायचा तर यापुढे सगळ्या प्रांतांची संमती लागेल अशी तरतूद होती. उत्तरेकडच्या ज्या प्रदेशांत मूलनिवासींची संख्या मोठी आहे, त्यांची प्रांत होण्याची वाट त्यामुळे जवळजवळ बंद होत होती.

दुरुस्ती पक्की व्हायला संसद आणि दहाही विधानसभांची मंजुरी हवी होती, तीही तीन वर्षांत. क्वेबेकने पहिला ठराव २३ जून १९८७ ला केला, म्हणून मुदत २३ जून १९९०. मधल्या काळात प्रांतांत सरकारं बदलली. न्यू ब्रन्स्विक आणि मॅनिटोबा अडून राहिले, न्यूफाउंडलंडचे नवे मुख्यमंत्री क्लाइड वेल्स यांनी आधीच्या सरकारने दिलेली मंजुरी एप्रिल १९९० मध्ये मागे घेतली. मल्‌रोनींनी मुख्यमंत्र्यांची बैठक मुद्दाम लांबवली. मुदत डोक्यावर आली की सगळे वाकतील हा हिशेब. ३ जूनपासून आठवडाभर ओटावात दारं लावून खल चालला, ९ जूनला सह्या झाल्या. मॅनिटोबाकडून फिल्मन गेले होते, सोबत दोन्ही विरोधी नेते होते, लिबरल शॅरन कार्स्टेअर्स आणि हार्पर यांचे पक्षनेते गॅरी डोअर. तिघांनी मान डोलावली. फासे टाकायचा दिवस आपण आधीच निवडून ठेवला होता, अशा अर्थाची मल्‌रोनींची फुशारकी १२ जूनला 'ग्लोब अँड मेल'मध्ये छापून आली. लोक संतापले. त्याच दिवशी दुपारी विनिपेगला विधानसभा भरली.

मॅनिटोबाचं विधानभवन चुनखडीच्या फिकट दगडाचं, १९२० मध्ये उघडलेलं. आत मोठ्या जिन्याच्या दोन्ही बाजूंना दोन कांस्याचे गवे उभे आहेत. सभागृहात बाकं घोड्याच्या नालाच्या आकारात चढत्या रांगांनी मांडलेली, आणि दोन कोनाड्यांत मोझेस आणि सोलोन या दोन कायदेकर्त्यांचे पुतळे. अकरा दिवसांत ठराव मांडायचा, चर्चा घ्यायची, जनसुनावणी घ्यायची, मतदान घ्यायचं, एवढं काम उरलं होतं. नियमाप्रमाणे ठरावाला दोन दिवसांची पूर्वसूचना लागते. ती टाळायची असेल तर सभागृहाची एकमुखी परवानगी हवी. एकमुखी म्हणजे एकही आवाज विरोधात जाता कामा नये. फिल्मननी परवानगी मागितली. हार्पर बसल्या जागेवरून म्हणाले, "नाही, अध्यक्ष महोदय."

आवाज मोठा नव्हता. दुसऱ्या दिवशी परवानगी पुन्हा मागितली, पुन्हा नकार. तिसऱ्या दिवशीही तेच. मग नोटिशीच्या पद्धतीतच खोट आहे अशी हरकत घेतली गेली. अध्यक्ष डेनिस रोकान हे सत्ताधारी पक्षाचे आमदार. त्यांनी नियम पाहिला आणि हरकत मान्य केली. आपल्या मुख्यमंत्र्याची अशी अडचण करणारा अध्यक्ष मिळणं ही काही रोजची गोष्ट नाही, आणि या कथेत रोकान यांना मिळतं त्याहून जास्त श्रेय मिळायला हवं. यात आणखी काही दिवस गेले. ठराव चर्चेला आला तो २० जूनला.

नियमांचं हे विणकाम हार्पर यांनी एकट्याने केलेलं नव्हतं. मॅनिटोबाच्या प्रमुखांची संघटना तेव्हा फिल फॉन्टेन यांच्या हातात होती, मर्क्रेडी वकील म्हणून सोबत होते, आणि पूर्वी विधानसभेच्या सचिवालयात काम केलेले वकील गॉर्डन मॅकिंटॉश कोणत्या दिवशी कोणता नियम लागू होतो ते सांगत होते. दुसरीकडे लोक कामाला लागले. घटनादुरुस्तीवर जनसुनावणी घेणं मॅनिटोबात बंधनकारक होतं. तिथे बोलण्यासाठी साडेतीन हजारांच्या आसपास माणसांनी नावं नोंदवली, त्यांत बहुतेक मूलनिवासी. एकेकाला दहा मिनिटं दिली तरी महिना पुरला नसता. विधानभवनाबाहेर ढोल वाजत होते, उत्तरेकडून माणसं येत होती.

१८ जूनला केंद्राचं शिष्टमंडळ विनिपेगला आलं. सिनेटर लोवेल मरे आणि पंतप्रधानांचे बडे अधिकारी. मूलनिवासींच्या प्रश्नांवर शाही आयोग नेमू, घटनेसाठी वेगळी परिषद घेऊ, असा सहा कलमी देकार घेऊन. तीन वर्षं ज्यांना दारात उभं केलं नाही त्यांच्याकडे पाच दिवस राहिल्यावर ओटावा स्वतः विमानाने आलं. प्रमुखांनी देकार नाकारला. हे बरोबर केलं का, याबद्दल तेव्हाही दुमत होतं. माझं म्हणणं, आदल्या चार परिषदांचा अनुभव बघता त्या आश्वासनांवर विश्वास ठेवणं भोळेपणाचं ठरलं असतं.

२२ जून, शुक्रवार. बैठकीची वेळ वाढवायला परत एकमुखी परवानगी हवी होती. हार्पर पुन्हा 'नाही' म्हणाले, आणि मतदान न होताच सभागृह तहकूब झालं. मॅनिटोबात काही होत नाही हे कळल्यावर क्लाइड वेल्स यांनीही न्यूफाउंडलंडमधलं मतदान टाळलं. दुसऱ्या दिवशी मुदत संपली, मीच लेक करार मेला. तो हार्पर यांनी मारला की वेल्स यांनी, यावर कॅनडात अजून वाद घालतात. मल्‌रोनींचा राग तर शेवटपर्यंत मुख्यतः वेल्स यांच्यावरच राहिला. मला तिसरंच नाव घ्यावंसं वाटतं. दोन दिवसांच्या नोटिशीचा नियम एरवी कुणाच्या वाटेत आला नसता. ज्यांनी घड्याळ हत्यार म्हणून वापरायचं ठरवलं, त्यांच्याच हातून वेळ निसटली.

आपल्या वाचकांच्या मनात एक प्रश्न येईल. पक्षनेत्याने होकार दिलेला असताना आमदार असं वागलाच कसा? आपल्याकडे १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर पक्षादेश मोडून मतदान केलं तर आमदारकी जाऊ शकते. कॅनडात तेव्हा असा कायदा नव्हता, आणि डोअर यांनीही हार्पर यांना पक्षातून काढलं नाही. हेही कबूल केलं पाहिजे की एकमुखी परवानगीचा नियम फक्त सज्जनांच्या उपयोगी पडतो असं नाही. तोच नियम घेऊन एखादा आडमुठा किंवा द्वेष्टा आमदारही सभागृह अडवू शकतो. हार्पर यांचं वेगळेपण हे की त्यांच्यामागे साडेतीन हजार नावं होती, आणि ते कशासाठी 'नाही' म्हणताहेत हे लपवलेलं नव्हतं.

परिणाम मोठे झाले, आणि सगळे गोड नव्हते. क्वेबेकमध्ये हा आपला अपमान आहे असंच लोकांना वाटलं. ल्युसियाँ बुशार मे महिन्यातच मल्‌रोनींना सोडून गेले होते, त्यांनी ब्लॉक क्वेबेक्वा पक्ष उभा केला. १९९५ च्या सार्वमतात क्वेबेक कॅनडातून फुटता फुटता राहिला: ५०.५८ टक्के विरुद्ध ४९.४२. करार मेल्यानंतर तीन आठवड्यांच्या आत, ११ जुलै १९९० ला, क्वेबेकमध्येच ओका गावाजवळ मोहॉक लोकांच्या दफनभूमीलगत गोल्फचं मैदान वाढवण्यावरून पोलिसांशी चकमक झाली, एक पोलीस मारला गेला, आणि लष्कर आणावं लागलेला वेढा ७८ दिवस चालला. विनिपेगमध्ये जे नियमांच्या पुस्तकातून झालं ते ओकाला बंदुका रोखून झालं. दोन्ही त्याच उन्हाळ्यात.

१९९२ मध्ये घटनादुरुस्तीचा पुढचा प्रयत्न, शार्लटटाउन करार, ठरवताना मूलनिवासी संघटना मुख्यमंत्र्यांच्या बरोबरीने टेबलावर होत्या. मर्क्रेडी तिथे होते. मसुद्यात स्वयंशासनाचा हक्कही आला. पण हार्पर यांना तोही पटला नाही, आणि सार्वमतात तो देशाने फेटाळला. टेबलावर खुर्ची मिळाली म्हणून समोरचं सगळं गोड मानून घ्यायचं नाही, हा त्यांचा स्वभाव.

पुढची कारकीर्द पटकन सांगता येते. १९९२ च्या अखेरीस त्यांनी आमदारकी सोडली. १९९३ मध्ये पक्ष बदलून लिबरल म्हणून चर्चिल मतदारसंघातून खासदार झाले, हरवलं ते जुन्या पक्षाच्याच खासदाराला. ओटावात त्यांचा जम बसला नाही. सत्ताधारी पक्षाच्या मागच्या बाकावरच्या माणसाला तिथे फार वाव नसतो, आणि एकमुखी परवानगीचा डाव काही रोज खेळता येत नाही. तिथलं लक्षात राहावं असं काम एकच. डिसेंबर १९९५ मध्ये ओटावाच्या पलीकडच्या काठावर, हलला, त्यांनी चर्च, मूलनिवासी ज्येष्ठ आणि राजकारणी यांची एक परिषद भरवली. मूलनिवासींसाठी एक राष्ट्रीय दिवस असावा ही मागणी तिथून पुढे आली, आणि १९९६ पासून २१ जून हा दिवस कॅनडा पाळू लागला. १९९७ मध्ये हार्पर निवडणूक हरले. नंतर जमिनीच्या दाव्यांच्या आयोगावर काही वर्षं काम केलं. १७ मे २०१३ ला, मधुमेहाच्या गुंतागुंतीने, ते गेले. दर्शनासाठी पार्थिव विनिपेगच्या त्याच विधानभवनात ठेवलं होतं, दफन रेड सकर लेकला झालं.

ऑक्टोबर २०२३ मध्ये वॅब किन्यू मॅनिटोबाचे मुख्यमंत्री झाले; कॅनडातल्या एखाद्या प्रांताचे पहिले फर्स्ट नेशन्स मुख्यमंत्री, पक्ष न्यू डेमोक्रॅटिक. रुपर्ट्सलँड नावाचा मतदारसंघ आता नाही. २०११ च्या निवडणुकीपासून तो केवाटिनूक म्हणून ओळखला जातो. राजाच्या आतेभावाचं नाव निघून तिथल्या लोकांच्या भाषेतलं नाव आलं. घटनेचं काम मात्र जिथे थांबलं तिथेच आहे. १९८२ च्या घटनेला क्वेबेकने आजही औपचारिक संमती दिलेली नाही, आणि मूलनिवासींच्या स्वयंशासनाचा हक्क तिच्यात स्पष्ट शब्दांत आजही लिहिलेला नाही.